डब्याच्या मुठीत मोरचूद

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वर्षी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एक काचेचा बुधला फुटला आणि त्यापायी एका घराची दोन घरं झाली.

बुधला चांगला वीस लिटरचा, हिरवट जाड काचेचा. दर सोमवारी प्रयोगशाळेची जीप शहराबाहेरच्या दगडखाणीपाशी जायची आणि तिथल्या झऱ्याचं पाणी त्यात भरून आणायची. त्या सोमवारी जीपसमोर कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हरमामांनी करकचून ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं, बुधला गेला. मामा गुडघ्यापर्यंत भिजून परत आले आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, एक जीव वाचवला."

"एक वाचवलात," साहेब म्हणाले, "आता आतल्या चारशेंना काय पाजू, तेही सांगा."

ते चारशे जीव म्हणजे पाणपिसवा. तिळाएवढ्या, काचेसारख्या आरपार. पाण्यात टुणटुण उड्या मारत वर यायच्या आणि अलगद खाली बसायच्या. भिंगाखाली धरलं की आतलं काळीज धडधडताना दिसायचं, पोटात गेलेलं हिरवं शेवाळ दिसायचं आणि पाठीवरच्या पिशवीत पोरं असली तर तीही मोजता यायची. या पिसवांना नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोरीननं त्या तासाभरात तळाला जातात. त्यांना लागतं झऱ्याचं, थोडं जड, शिळं करून ठेवलेलं पाणी. पाणी मानवलं की दर तिसऱ्या दिवशी प्रत्येकीला पोरं, आणि सगळ्या मुलीच. नर लागतच नाही. पाणी बिघडलं की मग नर जन्माला यायला लागतात.

"हे मात्र सगळीकडे सारखंच," टायपिस्टबाई म्हणायच्या. "काही बिघडलं की समजावं, पुरुष आलेत."

पिसवा सांभाळणाऱ्या मदतनीस बाईला 'पिसवाबाई' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. ते इतकं चिकटलं की साहेबांच्या तोंडीही तेच. पिसवाबाई चौतिशीची, बिनलग्नाची, थोरल्या भावाच्या घरी राहणारी. वडील गेले तेव्हा ती सहावीत होती. दादानं त्याच महिन्यात शाळा सोडली, सूत रंगवायच्या कारखान्यात भट्टीवर लागला आणि हिला मात्र पदवीपर्यंत शिकवलं. आता तो तिथला रंगमास्तर होता. आठवडाभर कुठला रंग चाललाय ते त्याच्या नखांवरून कळायचं. जांभळ्या बोटांनी जेवायला बसला की त्याची नऊ वर्षांची लेक हसून लोळायची, "आत्या, बाबा आज वांग्याचे झालेत!"

प्रयोगशाळेतलं काम पिसवाबाईंनी जिवापाड केलं. हाताला वास नको म्हणून साबण सोडला, भेगा पडल्या तरी मलम लावलं नाही. सकाळी आठला पांढऱ्या फरशीवर एकेक भांडं ठेवायचं, काचनळीनं पोरं उचलून मोजायची आणि आकडा नोंदवहीत टिपायचा. सात वर्षांच्या वह्यांत एकही आकडा खोडलेला नव्हता. तरीही नोकरी मात्र हंगामीच, दर सहा महिन्यांनी कागद नवा.

त्या वर्षी पिसवांवर मोठी कामगिरी आली होती. ज्या ओढ्याकाठी दादाचा कारखाना होता त्या ओढ्याच्या खालच्या वस्त्यांनी तक्रार केली की मासे मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. दोन वर्षांत लहान मासा म्हणून बघितला नाही. कारखान्यानं उत्तर दिलं की आमच्या पाण्यात मासा सोडून दाखवतो, मेला तर बोला. मासा खरोखरच मेला नाही. तेव्हा साहेबांनी जलप्रदूषण मंडळाला लिहून कळवलं, "जगतात का एवढं बघून भागत नाही, पोरं होतात का ते बघावं लागेल." मग ठरलं की पिसवांवर एकवीस दिवसांची चाचणी घ्यायची. दहा आया झऱ्याच्या शुद्ध पाण्यात, दहा आया त्याच पाण्यात कारखान्याचं पाणी मिसळून. शुद्ध पाण्यातल्या प्रत्येकीला एकवीस दिवसांत निदान साठ पोरं झाली पाहिजेत. तेवढी झाली नाहीत तर चाचणीच बाद, कारण मग दोष कुणाचा हे सांगता येत नाही.

आणि अशा वेळी बुधला फुटला. नव्याचं मागणीपत्र तीन प्रतींत गेलं आणि 'बुधला ही वस्तू मंजूर यादीत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पुन्हा गेलं, तर विचारणा आली की आधीचा का फुटला. साहेबांनी लिहिलं, 'कुत्र्यामुळे.' त्यावर कुत्र्याची सविस्तर माहिती मागवण्यात आली.

घरी पिसवाबाईंनी ही हकिगत सांगितली तेव्हा दादा पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सायकलच्या मागे एक प्लॅस्टिकचा डबा बांधून घेऊन आला. दुधी रंगाचा, चौकोनी, वीस लिटरचा, वर घट्ट बुचाचा आणि धरायला जाड पोकळ मूठ असलेला. आतून-बाहेरून असा लख्ख की नजर ठरेना.

"घे. सात पाण्यांनी धुतलाय. तीन पाणी तर उकळतं," तो म्हणाला. "तुझ्या त्या बायकांना म्हणावं, मामानं पाठवलाय."

वहिनी म्हणाल्या, "बघा, माझ्यासाठी कधी साधा तांब्या घासला नाही, आणि बहिणीच्या किड्यांसाठी सात पाणी!"

डबा प्रयोगशाळेत आला. साहेबांनी बूच काढून हुंगलं. "आधी काय होतं यात?"

"काही नाही, साहेब. कोरा आहे," पिसवाबाईंनी सांगितलं. दादाला त्यांनी विचारलंच नव्हतं. इतकी चकचकीत वस्तू कोरीच असणार, आणि दादानं आणलेली म्हणजे चांगलीच असणार, हे त्यांच्या मनानं घेऊन टाकलं होतं. माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याची चौकशी करत नाही. साहेबांनी मान डोलावली. सात वर्षं या बाईंचा शब्द त्यांनी आकड्यासारखा धरला होता.

पहिली चाचणी सुरू झाली. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत सगळं नीट चाललं. मग शुद्ध पाण्यातल्या आयांच्या पाठीवरची पिशवी रिकामी दिसायला लागली. नवव्या दिवशी दोघी मेल्या. बाकीच्यांना पोरं झाली, पण तीन, चार, पाच. एकवीस दिवसांची बेरीज माणशी सव्वीस. चाचणी बाद.

मग शोधाशोध. पिसवांना खायला घालायचं यीस्ट बदललं. दिवा बदलला. भांडी आम्लात बुडवून पुन्हा धुतली. साहेबांनी पाण्याचा जडपणा मोजला, क्लोरीन पाहिला, प्राणवायू पाहिला. सगळं जागच्या जागी. दुसरी चाचणी लावली. या वेळी बेरीज एकोणीसवर आली. साठवणीच्या मोठ्या भांड्यांतही नर दिसायला लागले आणि आयांच्या पाठीवर काळ्या खोगिरासारखी अंडी चढली. ती अंडी पिसवा घालतात संकटाच्या वेळी. आई मरते, खोगीर तळाच्या गाळात जाऊन बसतं आणि कधी काळी पाणी सुधारलं तर त्यातून पोर निघतं. पिसवाबाईंनी सात वर्षांत अशी अंडी फक्त चित्रात पाहिली होती.

कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही. दोनदा चाचणी बाद म्हणजे दोनदा कारखाना सुटला. एके दिवशी टायपिस्टबाई यंत्रावरून नजर न उचलता म्हणाल्या, "भाऊ रंगात, बहीण पाण्यात. मग काय, घरचं कार्य."

पिसवाबाईंच्या हातातली काचनळी तिथंच थबकली. "म्हणजे काय, टायपिस्टबाई?"

"म्हणजे काही नाही. मी आपली टंकते. जे दिसतं ते टंकते."

त्याच दुपारी साहेबांनी आत बोलावलं. साहेब म्हातारे, कोरडे, पण मनानं वाईट नव्हते. "बाई, मंडळानं शेवटची तारीख दिलीय," ते म्हणाले. "तिसरी चाचणी बाद झाली तर तक्रार निकालात काढतील, आणि कारखान्याला दुसऱ्या भट्टीची परवानगी मिळेल. शिवाय मला वरून पत्र आलंय की हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. मी अजून दिलेलं नाही." मग म्हणाले, "तुमचं मला काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही, साहेब." सांगण्यासारखं काही नसताना माणूस किती गुन्हेगार दिसतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्या नुसता भात चिवडत राहिल्या. वहिनींनी दोनदा विचारल्यावर बांध फुटला. "मरतात हो वहिनी. कशानं मरतात तेच कळत नाही. जगल्या तर पोरं होत नाहीत. आणि सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच विष कालवलंय."

"त्या टायपिस्टबाईची जीभ एकदा रंगाच्या भट्टीत बुडवून काढा," वहिनी म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का?"

दादा ऐकत होता. त्याचा हात ताटावरच थांबला होता, निळी नखं उजेडात चमकत होती. "होतं असं कधी कधी," तो पुटपुटला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. ताटात टाकणं त्याला कधी खपायचं नाही. पिसवाबाईंना वाटलं, आपल्या दुःखानं त्याची भूक गेली.

तिसरी चाचणी लावायला दोन आठवडे होते. मधल्या काळात साठवणीच्या भांड्यांना तेच झऱ्याचं पाणी दर आठवड्याला बदलायचं काम चालू होतं. सकाळची मोजणी करताना एका सोमवारी पिसवाबाईंचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आठवड्याभरात पोरंच पोरं झाली होती! खोगिरं कमी झालेली, पाठीवरच्या पिशव्या भरलेल्या. त्यांनी आनंदानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. आणि त्याच आठवड्यात नवं पाणी घातल्यावर चार दिवसांत पुन्हा उतरती कळा.

हे काय गौडबंगाल? एक आठवडा चांगला, पुढचा वाईट. झरा तोच, डबा तोच. पिसवाबाईंनी नोंदवही उघडली आणि त्या चांगल्या आठवड्याची पानं पुन्हा पुन्हा वाचली. उजेड तोच, यीस्ट तेच. पाणी आणल्याच्या नोंदीपुढे त्यांच्याच अक्षरात एक बारीकसा शेरा होता: 'अर्धा डबा.'

त्यांना आठवलं. त्या सोमवारी ड्रायव्हरमामांची कंबर धरली होती.

"मामा, त्या दिवशी तुम्ही डबा अर्धाच का भरलात?"

"ताई, कंबर मोडली होती हो. एरवी मी गळ्यापर्यंत भरतो. तक्रार करू नका म्हणजे झालं."

"तक्रार नाही, मामा. अर्धा भरल्यावर पाणी कुठवर होतं?"

मामांनी हातानं दाखवलं. "इथवर. मुठीच्या खालीच."

पिसवाबाई डब्यापाशी जाऊन बसल्या. मूठ पोकळ होती, दोन्ही टोकांनी डब्यात उघडणारी. गळ्यापर्यंत भरला आणि जीप खडबडीत रस्त्यावरून आली की पाणी मुठीत शिरायचं आणि पुन्हा खाली उतरायचं. अर्धा भरला तर मूठ कोरडी. त्यांनी तारेच्या टोकाला पांढरा कापूस गुंडाळला, बूच काढून डब्याच्या तोंडातून तार मुठीच्या भोकात सारली, फिरवली आणि बाहेर काढली. कापसाला हिरवट निळे कण चिकटलेले होते.

खोलीत त्या एकट्याच होत्या. कपाटातून अमोनियाची बाटली काढून त्यांनी कापसावर दोन थेंब सोडले. कापूस बघता बघता गर्द निळा झाला, दादाच्या नखांसारखा. तांबं. म्हणजे मोरचूद. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून रंगकारखान्यात वापरतात तेच. चिमूटभर मोरचूद हौदभर पाण्यातल्या पिसवांना भारी. इतकं थोडं तांबं मोजणारं यंत्र त्या प्रयोगशाळेत नव्हतं. ते मोजणाऱ्या पिसवाच होत्या, आणि त्या तीन महिने ओरडून सांगत होत्या.

पिसवाबाईंनी कापूस कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसरा दिवस रविवार.

रविवारी सकाळी दादा मागच्या मोरीवर बसून वाळू आणि लिंबाच्या सालीनं बोटं घासत होता. रंग कधी पुरता निघायचा नाही, तरी दर रविवारी घासायचा. पिसवाबाईंनी भाचीला शेजारी खेळायला पाठवलं आणि कागद उलगडून त्याच्यापुढे धरला.

त्यानं एक नजर टाकली. घासणं थांबवलं नाही.

"दादा, त्या डब्यात मोरचूद होतं?"

"होतं."

"सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी धुतला होता गं. आईच्यान, मला वाटलं निघून गेलं सगळं. मुठीत राहील असं कुणाच्या डोक्यात येतंय?"

"ते मला पटतं," पिसवाबाई म्हणाल्या. खरंच पटत होतं. "पण मी रडले त्या दिवशी? त्या दिवशी तरी कळलं असेल ना?"

आता त्याचे हात थांबले. त्यानं लिंबाची साल मोरीत टाकली.

"कळलं," तो म्हणाला. "तू 'पोरं होत नाहीत' म्हणालीस आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हटलं, आता सांगावं. मग म्हटलं, सांगितलं तर काय? तुझी चाचणी पास, माझी भट्टी बंद. पस्तीस माणसं आहेत माझ्या हाताखाली. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. जे झालं होतं ते फक्त होऊ दिलं."

"लोक मला चोर म्हणत होते, दादा."

"म्हणून काय मी सुखात होतो?" त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. इतक्या वर्षांत त्यानं बहिणीपाशी कधी काही मागितलं नव्हतं. "एक महिना थांब. काही खोटं करू नकोस, खोटं लिहू नकोस. डबा जसा आहे तसा राहू दे. एवढंच. चाचणी बाद झाली की डबा फेकून दे. तुला दुसरं काम लावून देतील, तू शिकलेली आहेस. मला या वयात कोण घेतं? मला रंगाशिवाय काय येतं?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, आताही चढवला नाही.

"वन्सं, एक विचारू? तुमच्या त्या किड्यांना पोरं व्हावीत म्हणून माझ्या पोरीनं उपाशी झोपायचं का?"

"वहिनी, खालच्या वस्त्यांतली माणसं..."

"ती मला ठाऊक नाहीत. मला तुम्ही ठाऊक आहात. तुमच्या पुस्तकांसाठी यांनी आपली पुस्तकं विकली, हे मी या घरात पाऊल टाकल्यापासून ऐकतेय. ते खरं होतं ना?"

"खरं होतं."

"मग झालं तर." आणि वहिनी आत गेल्या. भांडी मात्र नेहमीपेक्षा हळू वाजत होती.

पिसवाबाईंचा तो दिवस कसा गेला हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत होती. भिंगाखालची आई, पाठीवर काळं खोगीर घेऊन तळाशी बसलेली. तिला बिचारीला काय ठाऊक, पाणी कुणी बिघडवलं, का बिघडवलं, त्यात माया किती होती आणि स्वार्थ किती. तिला फक्त पाणी कळतं.

सोमवारी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर गेल्या. साहेब आल्यावर डबा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, शेजारी निळा कापूस.

"साहेब, हा डबा कोरा नव्हता. मी न विचारता कोरा म्हणाले. यात मोरचूद होतं, मुठीत राहिलं. दोन्ही चाचण्या माझ्यामुळे बाद झाल्या."

साहेबांनी कापूस चिमट्यानं उचलला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि खुर्चीत मटकन बसले. मग हसले, अगदी कोरडं. "जडपणा मोजला, क्लोरीन मोजला, दिवे बदलले. आणि डबा रोज डोळ्यांसमोर होता." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "कुणी दिला होता?"

"माझ्या भावानं."

"रंगमास्तर." साहेबांना सगळं ठाऊक होतं, शहर केवढंसं. "त्याला माहीत होतं?"

खिडकीबाहेर मामा जीप धूत होते. पाण्याचा आवाज येत होता. या प्रश्नाची पिसवाबाई कालपासून वाट बघत होत्या.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. दोनदा बाद झालेल्या चाचणीपेक्षा ते बघणं जड होतं. मग त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. "तुमच्या हातानं लिहा. कारण, आणि कुणी दिला, आणि त्याला माहीत होतं की नाही."

त्यांनी लिहिलं: 'पाण्याचा डबा पूर्वी मोरचुदाचा. मुठीत अवशेष. डबा माझ्या भावाने दिला. त्यास माहीत नव्हते.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घरून काचेच्या सहा बरण्या आणल्या. बायकोनं त्या कशा दिल्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांचा जेवणाचा डबा आला नाही. बरण्यांतून झऱ्याचं पाणी आलं. साठवणीतल्या पिसवा दोन आठवडे सुधारू दिल्या आणि मग तिसरी चाचणी लावली. शुद्ध पाण्यातल्या आयांना माणशी ब्याऐंशी पोरं झाली. कारखान्याच्या पाण्यातल्या दहाही आया एकवीस दिवस जगल्या, धडधाकट उड्या मारत राहिल्या. पोर एकीलाही झालं नाही. ओढ्यातल्या माशांचं काय झालं असेल ते आता वेगळं सांगायला नको होतं.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलानं मुद्दा काढला की मोजणी करणाऱ्या बाईंचं आपल्या भावाशी वैर आहे, म्हणून त्यांनी हे आकडे रचले. पिसवाबाईंना रडावं की हसावं ते कळेना. दोन महिन्यांपूर्वी लोकांच्या लेखी त्या भावाला पाठीशी घालत होत्या, आता वैरीण झाल्या. साहेबांनी उठून फक्त नोंदवही पुढे केली आणि म्हणाले, "यातलं एक पान उघडा, कुठलंही. खाडाखोड दाखवा." कुणाला दाखवता आली नाही.

कारखाना बंद झाला. दीड वर्षानं पाणी साफ करायचे हौद बांधून पुन्हा उघडला, नव्या मालकाचा, नव्या माणसांचा. मधल्या काळात घराच्या खर्चासाठी पिसवाबाई आपला पगार वहिनींच्या हातात देत होत्या, वहिनी तो न बोलता घेत होत्या. एका घरात राहून तिघं पाहुण्यासारखे वागत होते. सहा महिन्यांनी पिसवाबाईंनी प्रयोगशाळेजवळ एक खोली घेतली. ट्रंक उचलायला दादा आला, खोलीपर्यंत पोचवून गेला. दाराशी म्हणाला, "खिडकी उत्तरेची आहे. उजेड चांगला." एवढंच.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर, ड्रायव्हरमामा निवृत्त झाले आणि त्यांनी खरोखरच एक कुत्रं पाळलं. त्याचं नाव त्यांनी 'बुधला' ठेवलं. खरा बुधला मंजूर होऊन आला तो चौदा महिन्यांनी, एक नव्हे चार. टायपिस्टबाईंनी पिसवाबाईंची माफी अशी कधी मागितली नाही, पण कायम नोकरीचं पत्र आलं तेव्हा ते रांगेतले सगळे कागद बाजूला सारून आधी टंकून दिलं आणि म्हणाल्या, "मी आपली टंकते." साहेब निवृत्तीनंतर चार वर्षांनी गेले. तो डबा त्यांनी कधी फेकू दिला नाही. मूठ कापून आतला निळा थर दिसेल असा कपाटावर ठेवला होता, आणि नवीन कुणी आलं की आधी त्यालाच दाखवायचे. डबा कुणी दिला होता हे कुणालाही सांगितलं नाही.

वहिनी शेवटपर्यंत पिसवाबाईंना 'वन्सं' म्हणत राहिल्या, पण चेष्टा पुन्हा कधी केली नाही. भाची शिकली, शाळेत विज्ञान शिकवायला लागली. तिचं शिक्षण आत्यानं केलं, आणि घराण्यातलं जुनं देणं असं कुणी बोलून न दाखवता फिटलं.

दादाला रंगाचं काम पुन्हा मिळालं नाही. तो एका गोदामात पहारेकरी म्हणून राहिला. दोन-तीन वर्षांत त्याची बोटं स्वच्छ झाली, नखं पांढरी झाली. रविवारी तो त्यांच्या खोलीवर यायचा, चहा घ्यायचा, नळ गळत असेल तर दुरुस्त करून जायचा. डब्याचा विषय दोघांनी काढला नाही. फक्त एकदा, आजारपणात, त्यानं विचारलं, "साहेबांना काय सांगितलंस तेव्हा? माझं?"

"तुला माहीत नव्हतं असं सांगितलं."

दादानं डोळे मिटले. "तू तर कधी खोटा आकडा लिहिला नाहीस."

"तो आकडा नव्हता," पिसवाबाई म्हणाल्या. त्या पावसाळ्यात तो गेला.

प्रयोगशाळा बंद होऊन काम मोठ्या शहरात गेलं तेव्हा जुन्या वह्या रद्दीत निघाल्या. निवृत्त झालेल्या पिसवाबाई मुद्दाम गेल्या आणि अठ्ठ्याहत्तर सालची वही मागून घरी घेऊन आल्या. ती अजून त्यांच्या उशाशी आहे. कधी कधी त्या चष्मा लावून ते पान उघडतात. सात वर्षं आणि पुढची एकवीस, हजारो नोंदी, सगळ्या खऱ्या. आणि मधे तेवढी एक ओळ. पेन्सिल हाताशी असते. त्या ओळ वाचतात आणि वही मिटतात.